सल्ला हवा: वडिलांचा सोरायसिस आणि आखडणारी बोटे

प्रश्न
नमस्कार. माझे वडील ५८ वर्षांचे असून तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांना बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. नखांवर बारीक खड्डे पडले आहेत आणि अलीकडे सकाळी बोटे तासभर आखडलेली असतात. ‘वय झाले’ एवढे म्हणून ते विषय संपवतात. हा त्वचेच्याच आजाराचा भाग असेल का, आणि सांगली-मिरजेत सुरुवात कोठून करावी?

उत्तर १
वयोमानाने झिजलेले सांधे साधारणपणे वापराने दुखतात आणि सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. विश्रांतीनंतर तासभर टिकणारा ताठरपणा मात्र सांध्यात दाह असल्याचे सुचवतो. सोरायसिसच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना संधिवात होतो, नखांवर खड्डे असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो, आणि सांध्याची एकदा झालेली हानी भरून येत नाही. त्यामुळे बागेची छाटणी उरकेपर्यंत थांबू नये.

सोरायसिस हा रोगप्रतिकारशक्तीचा आजार असल्याने त्वचेत दाह पेटता ठेवणारी टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१७ यांसारखी प्रथिने शरीरात इतरत्रही परिणाम करतात. तीव्र सोरायसिसमध्ये हृदयविकार आणि मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत सोरायसिसची गणना धोका वाढवणाऱ्या घटकांत केली आहे. म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर या वयात तपासलेच पाहिजेत. तंबाखू असल्यास ती आधी सोडवावी, मलमाचे नंतर पाहू.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागापासून सुरुवात करावी आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवण्याविषयी तेथेच विचारावे.

उत्तर २
वरील सल्ल्याशी सहमत आहे. औषधांविषयी थोडी भर घालतो. सोरायसिस आणि संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध दिल्यास ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवून डबीवर लिहावा. मद्य वर्ज्य करावे आणि यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत. ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते, आणि ते अचानक बंद केल्यास आजार उसळतो. वडील अशा पुड्या घेत असतील, तर रागावण्यापेक्षा त्या डॉक्टरांना नेऊन दाखवा.