स्तनांची तपासणी आणि नोकरीचं वेळापत्रक : जाणकारांनी इथे लिहा

ऑक्टोबरात ऑफिसात स्तनांच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी गुलाबी फिती वाटल्या जातात, एखादं व्याख्यान होतं. नोकरदार बाईचं घोडं अडतं ते त्यानंतर. कोणती तपासणी, पाळीच्या कितव्या दिवशी, सुट्टी कशी काढायची, रिपोर्टातल्या आकड्याचा अर्थ काय? रोज हेच काम करणाऱ्यांनी लिहावं. आपबिती नको, उद्या तपासणीला जाणारीच्या उपयोगी पडेल असं नेमकं हवं.

परिचारिका, तपासणी शिबिरं

हाताने होणाऱ्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासत. न तपासलेल्यांच्या मानाने, तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, पण गाठ जाणवली तर वय न बघता दाखवायचीच.

तपासणी नीट होतेय का, हे तुम्हालाही ओळखता येतं. आधी बसवून बघतात : हात खाली, हात डोक्यावर, मग कमरेवर दाबून. कातडी आत ओढली जात असेल तर या तिसऱ्या स्थितीत खळगा उमटतो. मग आडवं झोपवून, हात डोक्याखाली. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळं, एकाच जागी हलका, मध्यम आणि खोल दाब. गळपट्टीच्या हाडापासून ब्राच्या खालच्या कडेपर्यंत, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्या. शेवटी काख, हात सैल सोडून. चिमटीत धरून बघितलं तर सगळीकडे गाठीच लागतात. ब्लाउजवरून चाचपलं तर ती तपासणीच नव्हे.

गाठ दुखत नाही म्हणून थांबणाऱ्या फार भेटतात. न दुखणारी, कडक गाठ आधी दाखवा. बोंड नव्याने आत जाणं, त्यातून रक्ताळ पाणी येणं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, हेही तसंच.

मॅमोग्राफी तंत्रज्ञ

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. पाळी अजून येत असेल, कायमची थांबली नसेल, तर त्यासाठी पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सातवा ते दहावा दिवस गाठा. पाळीच्या आधी स्तन भरलेले असतात, दाब सोसत नाही. त्या दिवशी काखेत डिओ, पावडर, मलम काही नको. डिओतले ॲल्युमिनियमचे कण फिल्मवर पांढरे ठिपके होऊन उमटतात आणि ते कॅन्सरचा संशय आणणाऱ्या कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात. मग उगाच पुन्हा बोलावावं लागतं. वरचं तेवढंच काढता येईल असे कपडे घाला. गरोदर असाल तर आधी सांगा.

एकूण चार फोटो, प्रत्येक स्तनाचे दोन. दाब काही सेकंदांचा असतो, पण तो लागतोच. स्तन पसरला नाही तर एकावर एक आलेल्या थरांत छोटी गाठ लपते. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू बोंडाच्या पातळीपर्यंत दिसायला हवा. बाई खांदा ताठ धरून उभी राहिली की काखेकडचा भाग सुटतो, आणि सर्वाधिक गाठी वरच्या बाहेरच्या भागातच होतात. म्हणून खांदा सैल सोडा.

जुन्या फिल्म किंवा सीडी बरोबर आणा, नुसता कागद नको. चाळिशीच्या आतल्या स्तनांचा पोत बहुधा दाट असतो. तिथे गाठ असेल तर आधी सोनोग्राफी उपयोगी.

पॅथॉलॉजिस्ट

मॅमोग्राफीच्या रिपोर्टाच्या शेवटी बायरॅड्सचा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते सांगणाऱ्या श्रेणीचा, आकडा असतो. शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. चित्र अपुरं आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. १ आणि २ निर्धोक. ३ असेल तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. ४ आणि ५ ला बायोप्सी. मॅमोग्राफी स्वच्छ असूनही हाताला गाठ लागत असेल, तर त्या गाठीचा तपास पुरा व्हायलाच हवा.

बायोप्सी शक्यतो ट्रूकट. जागा बधिर करून सोनोग्राफीत बघत जाड सुईने तुकडे घेतात. त्याच दिवशी घरी जाता येतं. बारीक सुईने नुसत्या पेशी मिळतात, त्यावरून आजार दुधाच्या नळ्यांतच आहे की बाहेर पसरलाय हे ठरत नाही. तुकड्यांवरच ईआर, पीआर (पेशींवरचे हार्मोनचे ग्राहक) आणि हर-टू (पेशींच्या वाढीशी निगडित प्रथिन) तपासतात आणि उपचारांचा क्रम त्यावर ठरतो. तुकडे लगेच फॉर्मॅलिनमध्ये (ते टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवेत, नाहीतर याच तपासण्या बिघडतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा.

मनापासून विनंती : बायोप्सीआधी ‘गाठ काढून टाकू, मग बघू’ याला होकार देऊ नका. गाठ कॅन्सरची निघाली तर काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत की नाहीत कळत नाही, दुसरं ऑपरेशन करावं लागतं आणि स्तन वाचवणं अवघड होऊन बसतं.

रेडिओलॉजिस्ट

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधली सीए १५-३ ही रक्ततपासणी निरोगी बाईत, लक्षणं नसताना, कॅन्सर शोधण्यासाठी नाही. कातडीची उष्णता टिपणारी थर्मोग्राफीही मॅमोग्राफीची जागा घेत नाही. तो पैसा मॅमोग्राफीला ठेवा.

कारखान्यातील आरोग्य विभाग

शिबिर ठरवण्याआधी पुढची ओपीडी ठरवा. कुठे पाठवायचं, कोणत्या वारी, कोण फोन करणार, हे कागदावर नसेल तर गाठ सापडूनही बाई महिनोन्‌महिने फिरते. आतून कडी लागणारी खोली, बाई तपासनीस आणि रिपोर्ट फक्त तिच्या हातात. एचआरकडे जाता कामा नये. तिन्ही शिफ्टमध्ये वेळ ठेवा, भरपगारी हाफ डे द्या. सफाई, कॅन्टीन, सिक्युरिटीच्या कंत्राटी बायकांची नावं यादीत आधी घाला. त्यांचा दिवस बुडाला की पगार कापला जातो, म्हणून त्याच सगळ्यात उशिरा येतात.

त्यांच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर कार्ड बघा. आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतं. कॅन्सर दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे पुढे ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोंद आणि चार वर्गणी कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. कंत्राटदार बदलला की नवा विमा क्रमांक काढतात आणि जुनी नोंद तुटते; म्हणून पहिला क्रमांकच पुढे चालू ठेवायला लावा.