हायस्कुलात वर्षभराचं समूहगान पथक: फायद्याचं की वेळेचा अपव्यय?

खाडीपलीकडे
पंधरा ऑगस्ट जवळ आला की बहुतेक हायस्कुलांत दहा-बारा मुली आणि दोन-तीन मुलगे पेटीपुढे उभे केले जातात. एक देशभक्तिगीत बसतं, झेंडावंदनाला गायलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पथक विसर्जित. माझं मत असं की हे पथक जूनपासून स्नेहसंमेलनापर्यंत चालवावं, आणि आठवी-नववीच्या मुलग्यांना त्यातून वगळू नये. उलट मुद्दाम घ्यावं.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज शेवटी जवळपास एक सप्तक (सा ते वरचा सा) खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन अर्धस्वरच, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. या दिवसांत मुलगा बेसूर झालेला नसतो. वरचे स्वर गेलेले असतात आणि खालचे अजून बसलेले नसतात, इतकंच. अशा वेळी त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ म्हटलं की तो पुढे कधी गात नाही.

उपाय पट्टीत, म्हणजे सा कुठे धरायचा त्यात, आहे. काळी एक (पेटीवरचा पहिला काळा सूर) सा धरा. मुली मध्य (मधल्या सप्तकातला) सा ते तार (वरच्या सप्तकातला) सा आरामात गातात, पूर्ण फुटलेल्या आवाजाचे मुलगे तेच एक सप्तक खाली गातात. अर्धवट फुटलेले मध्य पंचमाच्या (प) वर अडकतात. त्यांना मंद्र (खालच्या सप्तकातला) प ते मध्य प एवढ्यात बसणारी वेगळी ओळ द्या, नाहीतर ध्रुवपदाखाली नुसता सा-प धरायला सांगा. गाणं निवडतानाच त्याचा पल्ला एक सप्तक आणि वर एखादा स्वर, याहून मोठा नको. परिपाठात राष्ट्रगीत कुणीतरी उंच सुरू करतं आणि शेवटी ‘जय हे’ला, जिथे तार सा आहे, अर्धी रांग गप्प होते, ते याच कारणाने.

डबलबारी
पट्टीचं पटलं, बाकीचं नाही. कोकणात मुलांना गायला शिकवायला शाळा कशाला हवी? भजनमंडळं आहेत. बुवा ओळ टाकतो, कोरस झेलतो, खाली पखवाज, झांज, टाळ. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायला चुकलं तर शेजारचा कोपराने ढोसतो. आमच्या झिलांका थंय कोण शिकवता? कोण नाय. ऐकान ऐकान शिकतत. रूपाचा अभंग, गौळण, गजर, भजनातल्या या सगळ्या प्रकारांची लय निराळी. तुमच्या समूहगानात वीस पोरं एकच ओळ पेटीबरोबर म्हणतात. त्यात शिकण्यासारखं काय?

खाडीपलीकडे
ताल भजनातच पक्का होतो, त्यात वाद नाही. पण दोन गोष्टी पाहा. बुवांची पट्टी उंच असते आणि झांजांवर मात करायची म्हणून कोरस गळा ताणून गातो. आवाज फुटत असलेल्या मुलाने नेमकं हेच टाळायला हवं. दुसरं, पुरुषांच्या मंडळात मुलींना जागा किती?

आणि ‘एकच ओळ’ वाटते तितकी सोपी नाही. वीस जणांचा गंधार (ग) एक होणं ही मोठी कसरत आहे. शेजारच्याचा आवाज आपल्या आवाजाइतकाच ऐकू येईल एवढंच मोठ्याने गायचं, हा नियम पाळायला मुलांना बरेच आठवडे लागतात. वसंत देसाई (१९१२–१९७५) मूळचे कुडाळजवळच्या सोनवड्याचे. चित्रपटांची एवढी कामं असताना त्यांनी शाळकरी मुलांच्या समूहगानासाठी कष्ट घेतले. कमी प्रतीचं काम समजून कुणी तसं करत नाही.

एसटीपास
दोघेही स्वप्नात आहात. शाळा सुटते पाचला, वाडीवरची गाडी सव्वापाचला, ती चुकली तर पुढची सातला किंवा नाहीच. तालीम कधी घेणार? शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायद्यात (२००९) सहावी ते आठवीसाठी कला, क्रीडा, कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक आहेत, तेही पट शंभराच्या वर असेल तर. आपल्याकडे कितीतरी शाळांचा पट तिथवर जात नाही. मग इतिहासाच्या बाई पेटी धरतात.

दहावीच्या वाढीव कलागुणांचं गाजरही दाखवू नका. ते शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या मान्य परीक्षांना आणि लोककलेसारख्या ठरलेल्या प्रकारांना असतात. शाळेच्या पथकात नाव आहे म्हणून मिळत नाहीत. पालक हे विचारतातच.

खाडीपलीकडे
गुणांसाठी पथकात घालूच नये. गाण्याने बुद्धी वाढते हेही जपून बोलावं. कॅनडातल्या शेलेनबर्ग यांच्या २००४ च्या प्रयोगात सहा वर्षांच्या १४४ मुलांपैकी संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचितच जास्त वाढला, आणि वागणुकीतली सुधारणा दिसली ती नाटक शिकलेल्या गटात! पथकाचा खरा फायदा श्वासात आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या मुलामुलींवर पाहिलं की एकत्र गाताना त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचा चढउतार एकमेकांशी जुळतो, कारण ओळीच्या लांबीनुसार सगळे एकाच वेळी श्वास घेतात. लांब, सावकाश उच्छ्वासाची ही सवय भाषणाला आणि तोंडी परीक्षेला कामी येते.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं पुरतात, आणि ती परिपाठाला लागून घ्या, शाळा सुटल्यावर नको. पाच मिनिटं ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली. पाच मिनिटं सावकाश ‘आ’कारात सा रे ग म. वीस मिनिटं एकच कडवं, ओळीओळीने, तबल्याशिवाय. उरलेल्या दहांत पूर्ण गाणं. मुलं सोळा ते चोवीस. आठ-दहांत एक बेसूर लगेच उघडा पडतो, चाळिसांत कोण गातंय हेच कळत नाही.

वेंगुर्ल्याची
पेटीबद्दल कुणीच बोललं नाही. सगळी गडबड तिथेच आहे. पेटीवाला पूर्ण चाल वाजवत राहतो, मुलं पेटी ऐकून मग गातात, म्हणजे कायम अर्धा क्षण मागे. सुरुवातीचा सूर द्या, मधल्या जागा भरा, गाताना फक्त सा-प धरा. आणि दर तालमीत एकदा पेटी बंद करून पूर्ण गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. संपल्यावर पेटीचा सा दाबला की कळतं, पथक अर्धा स्वर खाली आलेलं असतं. जवळजवळ नेहमीच. ओळीच्या शेवटी दम संपतो, उतरताना गंधार गरजेपेक्षा जास्त पडतो, आणि पुढची ओळ त्या पडलेल्या स्वरावर उभी राहते. श्वासाच्या जागा वहीत खुणेने लिहा. लांब ओळीत शेजारी-शेजारी दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही.

दुसरं, एकाच ओळीवर का थांबता? मालवण-वेंगुर्ल्याच्या चर्चमधली मुलं दोन-तीन आवाजांत गातात. शाळेत दोन आवाज नक्की जमतात.

डबलबारी
आपल्या चालीवर ते चढवलं की राग मोडतो. कानाला गोड लागतं म्हणून काहीही चालत नाही.

वेंगुर्ल्याची
आंधळेपणाने चढवलं तर मोडतो, खरंय. भूप रागाचंच घ्या. दुसरा आवाज मूळ स्वरापासून वरच्या तिसऱ्या स्वरावर चालतो. सा वर ग, ग वर प, ध वर तार सा, सगळं चालतं. पण रे वर हिशेबाने तिसरा स्वर म येतो आणि प वर नी, जे भूपात नाहीतच. तिथे रे वर प ठेवायचा, प वर तार सा. दुसरा आवाज फक्त ध्रुवपदाला द्या, कडवी एकसुरीच राहू देत. वरची ओळ चार-पाच मुलींनाच, पक्क्या असतील त्यांना. निम्म्या-निम्म्या वाटण्या केल्या की मूळ चाल हरवते.

एसटीपास
आणि पावसाळा? जुलैत पत्र्यावर पाऊस पडायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तुमचा गंधार कोण ऐकणार. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते.

खाडीपलीकडे
म्हणून जुलै-ऑगस्टला पेटीवर विसंबूच नये. मोबाईलवरचा तानपुरा काळी एकला लावा, छोटा स्पीकर मुलांच्या मागे ठेवा. पेटी खोक्यात, वर्गात उघडी नको. खाऱ्या हवेने आतल्या पितळी सुरांवर (वाजणाऱ्या पात्यांवर) हिरवट थर चढतो आणि ते उतरतात. पावसाच्या जोराला शब्दपाठ घ्या, म्हणजे चालीशिवाय, फक्त लयीत. ‘स’ आणि ‘श’ सगळ्यांचे एकदम सुटले पाहिजेत, नाहीतर माइकवर सापासारखी सुरसुर ऐकू येते. माइकही प्रत्येकाला नको. तीन पुरेत, मुलांच्या अर्धवर्तुळापासून दोन-तीन फुटांवर.

डबलबारी
मी अजून भजनाच्याच बाजूचा. पण एक सांगतो, स्पर्धा गणपतीला लागून असेल तर नाव देऊ नका. घरोघरच्या आरत्या आणि झांजा झाल्यावर आठवडाभर एकाही पोराचा गळा शिल्लक नसतो.

वेंगुर्ल्याची
त्या आठवड्यात कुजबुजायलाही देऊ नका, तिनेही गळ्यावर ताणच येतो. कोमट पाणी, आणि तालमीत नुसता केहरवा ताल हातावर. आठ मात्रा, पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली (टाळीऐवजी रिकामा हात), शब्द मनात.