छोट्या निर्मात्यांनाही झळ बसतेच

'हॉलिवूडचा संप मोठ्या स्टुडिओंविरुद्ध, बाहेरच्या छोट्या निर्मात्याला काय त्याचं?' हे काही पटलं नाही. २०२३ च्या संपात सॅग-आफ्ट्रा या अमेरिकी कलाकार संघटनेचा सभासद युरोपातल्या शूटिंगलाही बांधलेलाच होता. जगात कुठेही काम करा, करार संघटनेचाच हवा. स्वतंत्र निर्मात्यांना संप चालू असतानाही शूटिंग करू देणारे अंतरिम करार मिळत होते, पण स्टुडिओंनी नाकारलेल्या अटी मान्य करून. शिवाय अशा सिनेमाचा पैसा नावाजलेल्या नटाच्या जोरावर परदेशी हक्क आधीच विकून उभा राहतो. नटच अडकला की खरेदीदार हात आखडता घेतो. सोलापुरात माग थांबले की आधी कांडी भरणाऱ्या बाईची मजुरी बुडते, तसंच तिथल्या लाइटवाल्या-मेकअपवाल्यांचं. तरीही एआयने चेहरा-आवाज परस्पर वापरू नये, ही कलाकारांची मागणी शंभर टक्के रास्त होती.