पीकेयूचं (फेनिलकीटोन्युरिया या जन्मजात आजाराचं) पथ्य: व्हिडिओ कॉल पुरे, की इंदूरहून मुंबई गाठायलाच हवी?

राजवाड्याची आई
निदान झालं, पथ्य बसलं, की पुढचा आहार-सल्ला व्हिडिओ कॉलवरच व्हावा, असं माझं ठाम मत आहे. मुंबईची वारी तपासणीपुरती. पीकेयूत प्रोटीनमधल्या फेनिलअॅलनिन या घटकाचं टायरोसिन करणारं एन्झाइम चालत नाही. मग फेनिलअॅलनिन रक्तात साठून मेंदूला इजा करतं. म्हणून डाळ, पनीर, शेंगदाणे बंद. प्रोटीन येतं ते मुख्यतः फेनिलअॅलनिन नसलेल्या, पिण्याच्या खास फॉर्म्युल्यातून, बाकी सगळं काट्यावर तोलून. आणि तोललं जातं ते घरच्या ओट्यावर, ओपीडीत नाही.

लेकीच्या तक्त्यात होतं ‘पोहे, ३० ग्रॅम’. तक्ता मुंबईचा. कॉलवर आहारतज्ज्ञ ताईंनी बशी दाखवायला सांगितली, तर वर शेव. इंदुरात शेवेशिवाय पोहे कोण देतं? ती बेसनाची. वेगळी काढून तोलायला लावली: १० ग्रॅम. म्हणजे दीड-दोन ग्रॅम प्रोटीन, जवळपास खालच्या पोह्यांइतकंच. क्लासिक पीकेयूत दिवसभरात अनेक मुलांना अन्नातलं ५-७ ग्रॅम प्रोटीनच चालतं. अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्र काढून मुंबईच्या केबिनमध्ये बसलो असतो, तर ही शेव कोणाला दिसली असती?

गोराकुंडचे काका
ताई, बशीपर्यंत पटलं. पण आमच्या नात्यातल्या मुलाला एमएसयूडी (मेपल सिरप युरिन डिसीज) आहे, तोही प्रोटीन न पचण्याचाच जन्मजात आजार. ताप-उलट्या सुरू झाल्या की शरीर स्वतःचंच प्रोटीन मोडायला लागतं, त्यातलं ल्युसिन रक्तात चढतं आणि मूल काही तासांत सुस्त पडतं. तेव्हा ग्लुकोजचं सलाइन लागतं, ते फोनवरून लावता येत नाही. रात्री दोनला दार उघडणारा डॉक्टर इंदुरातलाच असणार. त्याला हा आजार समजावायला कोणी वेळ देत नाही. आधी तो तयार करा, मग कॉल.

आहारशास्त्र_एमएससी
दोघांनीही रक्ताच्या रिपोर्टचं नाव काढलं नाही! पीकेयूच्या लहान मुलांत रक्तातली फेनिलअॅलनिनची पातळी १२० ते ३६० मायक्रोमोल प्रति लिटर ठेवायची असते. बोटाचा थेंब फिल्टर पेपरवर वाळवून कुरियरने जातो. रिपोर्ट हातात नसताना केलेला कॉल म्हणजे अंदाजपंचे. आणखी एक: खाणं कमी पडलं तरी पातळी चढते, कारण स्नायू मोडतात. म्हणून वजन-उंची कोणीतरी प्रत्यक्ष, नीट मोजायलाच हवी.

पीकेयूवाला_२२
मी विरोधातच. कॉलवर आई बोलते, मी शेजारी बसतो. ओपीडीत मॅडमनी आईला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा कुठे मी बोललो, की मित्रांसमोर फॉर्म्युला प्यायला लाज वाटते, म्हणून दुपारचा डोस चुकवतो. घरात सगळे ऐकत असताना हे मी बोलणार नाही. पथ्य आयुष्यभर मलाच सांभाळायचं आहे.

राजवाड्याची आई
तुझं म्हणणं लागलं रे. मुलगी दहाची झाली की अर्धा कॉल तिचा एकटीचा, दार लावून. पण त्यासाठी मुंबई कशाला, हे मला अजून पटत नाही. काका, आमच्या टीमने आजारपणासाठी पत्र दिलंय: प्रोटीन किती वेळ बंद, कोणतं सलाइन, कोणाला फोन. इथल्या बालरोगतज्ज्ञांना मी त्याची प्रत देऊन ठेवली आहे.

गोराकुंडचे काका
असं पत्र आम्हाला कोणी दिलंच नाही. उद्याच मागतो.