कोआलाला कुठलीही निलगिरी चालत नाही

"निलगिरी तर ऑस्ट्रेलियात पावलोपावली आहे, फांद्या तोडून आणल्या की कोआलांचं पोट भरलं," असं वर कुणीतरी लिहिलंय. तसं नाही हो. ब्रिस्बेनजवळ जखमी कोआलांसाठी मी दोन वर्षं पाला तोडायला जाते. निलगिरीच्या शेकडो जातींपैकी हे प्राणी मोजक्याच खातात. त्यातही एकाच जातीची दोन झाडं शेजारी असली, तर एक आवडीनं खातील, दुसऱ्याला तोंडही लावणार नाहीत. पानांतली रसायनं झाडागणिक बदलतात ना! म्हणून रोज तीन-चार जातींचा पाला ठेवायचा. आमच्याकडे फॉरेस्ट रेड गम आणि टॅलोवुड आधी संपतात.

मोठा कोआला दिवसाला अर्धा ते एक किलो पाला खातो. त्यासाठी मुद्दाम लावलेली झाडं छाटून बुटकी ठेवायची. छाटलं की धुमारे फुटतात, आणि तो कोवळा पालाच त्यांना हवा असतो. पण तेच झाड लगेच पुन्हा ओरबाडू नका, त्याला सावरू द्या. तोडलेली फांदी तडक पाण्याच्या बादलीत. पान जरा मलूल झालं की आमची एक म्हातारी मादी ते नाकाशी नेते, हुंगते आणि सोडून देते. मग आम्ही पुन्हा करवत घेऊन निघतो.