लाखेच्या ७८ आरपीएम रेकॉर्ड हाय-फायवर: आवाज कोंदट, खरखर फार, पट्टीही जुळत नाही

पायपेटी:
सिस्टीम अशी आहे: ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स टर्नटेबल, त्याच्याबरोबर आलेली व्हीएम९५ई काट्रिज (सुई बसते तो भाग), टर्नटेबलमधलाच फोनो प्री-अँप (काट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा भाग), साधा इंटिग्रेटेड अँप आणि साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर. एलपी सुरेख वाजतात. आता १० इंची लाखेच्या चाळीसेक रेकॉर्ड वाजवायच्या आहेत. एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया, बहुतेक नाट्यपदं. वेग ७८ वर (मिनिटाला ७८ फेरे) ठेवला तरी:

१. गायकाच्या तोंडावर पांघरूण घातल्यासारखा आवाज, आणि खाली नुसता गुरगुराट.
२. खरखर इतकी की ऑर्गनची साथ बुडते.
३. काही रेकॉर्ड पेटीच्या कुठल्याच पट्टीला लागत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधे अडकतात.
४. दोन रेकॉर्डवर सुई उडते.

टर्नटेबल बदलावा लागेल का?

सुईदोरा:
टर्नटेबल बदलू नका, सुई बदला. ७८ ची खाच एलपीच्या खाचेच्या तिपटीएवढी रुंद असते. तुमची सुई ०.३ × ०.७ मिलची आहे (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ती खाचेच्या भिंतींवर टेकतच नाही, तळाशी साठलेल्या धुळीतून आणि चुऱ्यातून फरफटत जाते. तुमची निम्मी खरखर तिथली आहे. गाणं भिंतींवर कोरलेलं असतं, त्यासाठी ३ मिलची गोल टोकाची सुई लागते. व्हीएम९५ च्या सगळ्या सुया एकाच काट्रिजवर बसतात, त्यामुळे फक्त एसपी नावाची सुई घ्या. जुनी पुढे ओढून काढायची, नवी बसवायची. काट्रिजचे स्क्रू सोडवावे लागत नाहीत.

सुईचा रेकॉर्डवरचा भार सुईच्या खोक्यावर छापलाय तेवढा ठेवा. एलपीचे २ ग्रॅम इथे पुरत नाहीत. टोनआर्मच्या (काट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) वजनावरचे आकडे अपुरे पडले तर सुईखाली ठेवायचा छोटा डिजिटल काटा वापरा. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचेल, असं वाटतं; होतं उलट. हलकी सुई मोठ्या तानेवर भिंत सोडते आणि परत आपटते. एक सांभाळा: ही सुई चुकूनही एलपीवर टेकवू नका, एलपीची खाच कायमची बिघडते.

सुई लावण्याआधी धुणं. लाखेवर अल्कोहोल अजिबात नाही. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, तेच तुमच्या गाण्याचं होईल. एलपी धुवायच्या बऱ्याच तयार द्रावणांत आयसोप्रोपिल असतं, म्हणून बाटली वाचून घ्या. डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, त्यात रंग-वास नसलेल्या सौम्य डिटर्जंटचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, लगेच टिपून उभी वाळवा. भिजत घालू नका, उन्हात ठेवू नका. पावसाळ्यातल्या बुरशीचे पांढरे ठिपके बहुतेक दुसऱ्या धुण्यात जातात; त्यानंतरही खरखर राहिली तर बुरशीने पृष्ठभाग खाल्लाय, तिथे उपाय नाही.

धुण्याआधी प्रत्येक रेकॉर्ड बोटावर तोलून कडेला हलकी टिचकी मारा. मडक्यासारखंच: अखंड असेल तर खणखणते, चीर असेल तर बद्द वाजते. बद्द वाजणारी बाजूला काढा, चिरेत पाणी शिरू देऊ नका.

खर्ज:
कोंदटपणा सुईने जाणार नाही. तो तुमच्या फोनो प्री-अँपमुळे आहे.

प्री-अँप आरआयएए वक्र लावतो, म्हणजे वरचे आणि खालचे स्वर किती उतरवायचे-चढवायचे याचं एलपीचं ठरलेलं माप. तो १९५४ नंतर सगळीकडे रुळला, म्हणजे तुमच्या बहुतेक रेकॉर्ड त्याच्या आधीच्या. एलपी कापताना वरचे स्वर मुद्दाम चढवलेले असतात आणि वाजवताना प्री-अँप ते उतरवतो. एचएमव्ही घराण्याच्या विद्युत मुद्रणाच्या (मायक्रोफोनने ध्वनिमुद्रित) ७८ वर ते सहसा चढवलेलेच नसत, तरी प्री-अँप उतरवतोच. १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल, ५ ला ८, २.१ ला ३. हेच तुमचं पांघरूण. खाली उलटा प्रकार: आरआयएए ५०० हर्ट्झच्या खाली आवाज उचलायला लागतो, या रेकॉर्डना २५० ते ३०० च्या खाली उचल हवी. त्यामुळे खर्जात ४ ते ६ डेसिबल फुकट वाढतात.

झटपट उपाय: अँपचा ट्रेबल बराच वर, बास थोडा खाली. पूर्ण दुरुस्ती नाही, पण फरक लगेच कळतो. नीट करायचं तर टर्नटेबलच्या यूएसबीने संगणकावर २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये या क्रमाने:

१. आधी आरआयएए उलटवा, म्हणजे प्री-अँपने लावलेला वक्र काढून टाका.
२. मग क्लिक काढा. सपाट आवाजात टकटक टोकदार असते, प्रोग्रामला सापडते. वक्र लागला की ती पसरते.
३. मग दोन्ही चॅनल मिसळून मोनो.
४. शेवटी ३०० हर्ट्झचा वक्र, वरचा भाग सपाट.

मोनो विसरू नका, अँपवर बटण असेल तर रोजच्या ऐकण्यातही दाबा. ७८ मध्ये गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. सुई वर-खाली हलून जे निघतं ते सगळं खरखर, आणि मोनो केलं की ती वजा होते. मिसळण्याआधी मात्र डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी ऐका. पोलादी सुयांनी एकच भिंत झिजली असेल तर चांगली बाजू तेवढी घ्या.

ट्रेबल वाढवल्यावर उरलेली खरखरही वाढेल. ८ किलोहर्ट्झच्या वर या रेकॉर्डवर कामाचं फारसं नसतं, तिथे कापा. १९२५ च्या आधीच्या, मायक्रोफोनऐवजी भोंग्यासमोर गायलेल्या असतील तर ४ ते ५ किलोहर्ट्झवर, आणि त्यांना खालची ती उचलही नको. खरखर पूर्ण घालवायच्या नादाला लागू नका. तिच्याबरोबर गायकाचा श्वास आणि ‘स’, ‘श’ जातात, मग तो नळीतून गातोय असं वाटतं.

काळी दोन:
पट्टीबद्दल. ७८ हा नंतर ठरलेला आकडा आहे. जुन्या, विशेषतः भोंग्याच्या काळातल्या रेकॉर्ड ७० च्या आसपासपासून ८० च्या वरपर्यंत कापलेल्या सापडतात. अर्धा स्वर, म्हणजे काळी एकवरून पांढरी दोन, म्हणजे वेगात साधारण ६ टक्के: ७८ चा ८२.६. तुमच्या टर्नटेबलची पिच पट्टी (वेग कमी-जास्त करायचा सरकता खटका) १६ टक्क्यांपर्यंत जाते, तेवढं पुष्कळ झालं.

आधी ७८ खरंच ७८ आहे ना ते पाहा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेला ७७ रेघांची स्ट्रोब चकती (दिव्याच्या लुकलुकण्यावरून वेग दाखवणारी, फिरत्या प्लेटवर ठेवायची) लागते. तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. प्रकाश जुन्या पिवळ्या बल्बचा किंवा निऑनचा घ्या, अनेक एलईडी दिवे हवे तसे लुकलुकत नाहीत.

मग ट्यूनर ऑर्गनच्या लांब स्वरावर लावा, गायकाच्या नाही. गायक मींड घेतो, ऑर्गन जागचा हलत नाही. स्वर सगळ्यात जवळच्या पट्टीवर येईल असा वेग करा. पण एक-दोन टक्क्यांचा फरक दिसला तर सोडून द्या, कारण त्या काळचे ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वराला मिळवलेले असतीलच असं नाही. दोन पट्ट्यांपैकी कुठली, हे अडलं तर त्याच गायकाची त्याच सुमाराची दुसरी रेकॉर्ड लावून आवाजाची जात ताडा. वेग जास्त असला की स्वरांचे उच्चार चिमटल्यासारखे होतात, ते कानाला चटकन कळतं.

स्वर सेकंदाला सव्वा वेळा वर-खाली झुलत असेल तर वेगाला हात लावू नका, भोक मध्यावर नाही. रेकॉर्ड किंचित सरकवून टोनआर्मचं डोलणं कमीत कमी होईल तिथे ठेवा.

पायपेटी:
सुई मागवतो. उडणाऱ्या दोन्ही रेकॉर्ड वाकलेल्या आहेत. गरम करून सरळ होतील का?

सुईदोरा:
करू नका. लाख तडकते, आणि तडकली की गाणं गेलं. नवी सुई योग्य भाराने लावून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने चालते.

खर्ज:
तरी उडाली तर ४५ वर वाजवून रेकॉर्ड करा; टेकाडावर सुई सावकाश चढते. मग ऑडॅसिटीत वेग ७३.३ टक्क्यांनी वाढवा. फक्त आरआयएए वेग वाढवायच्या आधी उलटवा. प्री-अँपने वक्र ४५ च्या आवाजावर लावलाय. आधी वेग वाढवला तर तोही पावणेदोन पट वर सरकतो आणि मग कुठलाच आकडा जुळत नाही. ७८ चा वक्र मात्र वेग वाढवल्यानंतर.