शिकागोत बेल्ट रेल्वे हवीच कशाला?

रेल्वेवरच्या चर्चेत एकांनी विचारलंय की अमेरिकेत युनियन पॅसिफिक, सीएसएक्स अशा बलाढ्य रेल्वे कंपन्या असताना शिकागोत बेल्ट रेल्वेसारख्या चिमुकल्या कंपनीचं काम काय. मला तर वाटतं, तिच्यावाचून या बड्यांचंच अडेल.

पश्चिमेकडच्या कंपन्यांच्या मालगाड्या शिकागोपर्यंत येतात, पूर्वेकडच्यांच्या तिथूनच सुटतात. प्रत्येक कंपनी दुसरीच्या यार्डात वाघिणी, म्हणजे मालडबे, पोचवत बसली तर अख्खं शहर तुंबेल. म्हणून ही अदलाबदल बेल्ट रेल्वे करते, थेट १८८२ पासून. आणि तिची मालकीही या बड्या कंपन्यांचीच, भागीदारीत.

वाघिणी वेगवेगळ्या करून पुढच्या गाड्यांत लावायचं तिचं क्लिअरिंग यार्ड शिकागोच्या मिडवे विमानतळाच्या दक्षिणेला आहे, लांबी जवळजवळ नऊ किलोमीटर! इंजिन गाडी मागून ढकलत उंचवट्यावर चढवतं. माथ्यावरचा कामगार चालत्या वाघिणीच्या कपलिंगची, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीची, पिन उचलतो, की ती सुटून उतारावरून आपली आपण घरंगळत निघते. पुढचे रूळ बदलणारे सांधे तिला नेमक्या रुळावर घालतात. भरलेली वाघीण १३० टनांपर्यंत भरते, तिला आवरायला रुळालगतचे रिटार्डर चाकं दोन्ही बाजूंनी आवळतात. लोखंडाची ती किंचाळी एकदा ऐकली की विसरत नाही. इतकं वजन नुसत्या उताराच्या जोरावर जागी लावणं, ही मला रेल्वेतली सर्वांत देखणी कारागिरी वाटते.

चर्चेत इंडियाना हार्बर बेल्टचं नाव मात्र राहून गेलं. तीही याच कामातली, शिवाय मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठचे पोलाद कारखाने तिची जुनी गिऱ्हाइकं.